‘पुढचा भाग लवकर टाका’ एवढ्याने भागत नाही

मालिका संपली तरी तिच्यातली जोडी काही प्रेक्षकांच्या मनातून जात नाही. वाहिनीने त्या दोघांची ताटातूट करून ठेवलेली असते, किंवा मालिका गुंडाळायची म्हणून शेवटच्या आठवड्यात त्यांचं लग्न कसंबसं उरकलेलं असतं. मग कुणीतरी रात्री घरातलं आवरून झाल्यावर मोबाइल हातात घेऊन त्यांची पुढची गोष्ट लिहायला बसतं. मालिका, सिनेमा, कोरियन ड्रामा, पुराणकथा अशा सगळ्यांवर मराठीत असं फॅनफिक्शन लिहिलं जातं. त्यातला मोठा हिस्सा प्रेमकथांचा, आणि लिहिणाऱ्यांत मुली-बायका अधिक.

या लेखिकांना मिळणारे अभिप्राय वाचले की मला वाईट वाटतं. एकीकडे ‘खूप सुंदर, पुढचा भाग लवकर टाका’ची रांग लागलेली असते. दुसरीकडे ‘आमची नायिका अशी वागूच शकत नाही, जमत नसेल तर लिहू नका’ असं फटकारणारं कुणीतरी असतं. पहिल्यातून लेखिकेला कळतं की आपली वाट पाहिली जातेय, आणि ते काही थोडकं नाही. दुसऱ्यातून कळतं की आपण कुणाला तरी दुखावलं. पण सातव्या भागात तिने जीव ओतून लिहिलेला माफीचा प्रसंग वाचकाला पटला की नाही, पटला नसेल तर नेमका कुठे हात सुटला, हे दोन्हींतून कळत नाही. मैत्रिणीने विश्वासाने आपली गोष्ट हाती देऊन ‘वाच आणि सांग’ म्हटलं, तर तिला खरं, नीट आणि पुढच्या लिखाणात कामाला येईल असं उत्तर मिळणं हा तिचा हक्क आहे. गोष्ट हौसेची आहे, पात्रं उसनी आहेत, विषय प्रेमाचा आहे, म्हणून तो हक्क उणा होत नाही.

हे ठासून सांगावं लागतं, कारण या लिखाणाकडे पाहताना नाक मुरडायची सवय जुनी आहे. प्रेमकथा म्हणजे हलकं वाचन, दुसऱ्याची पात्रं घेणं म्हणजे प्रतिभेची गरिबी, आणि बायकांनी बायकांसाठी लिहिलेलं म्हणजे वेळ घालवणं, असे तीन शिक्के एकाच पानावर पडतात. ज्या परंपरेतून आजचं फॅनफिक्शन आलं तिचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या चाहत्यांनी १९६७ साली ‘स्पॉकनालिया’ नावाचं नियतकालिक स्वतः छापलं. तशी पुढे अनेक निघाली. ती लिहिणाऱ्या, संपादणाऱ्या, पाकिटांत घालून टपालाने पाठवणाऱ्या प्रामुख्याने स्त्रियाच होत्या. इंटरनेट आल्यावर ही वस्ती संकेतस्थळांवर हलली. २००७ साली चाहत्यांनी एक ना-नफा संस्था काढली आणि २००९ पासून ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे कथांचं भांडार सर्वांना खुलं केलं. त्याच्या नावात इंग्रजी लेखिका व्हर्जिनिया वुल्फने ‘अ रूम ऑफ वन्स ओन’मध्ये बाईसाठी मागितलेल्या स्वतःच्या खोलीचा पडसाद आहे. २०१९ साली या भांडाराला विज्ञानसाहित्यातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

या सगळ्या उलाढालीत लेखिकेच्या हाती पैसा येत नाही. पात्रं बहुधा दुसऱ्याच्या मालकीची, त्यामुळे ती विकता येत नाहीत. तिला मिळतो तो फक्त वाचकाचा शब्द. म्हणूनच तो शब्द कसा आहे, याला इथे इतर कुठल्याही लिखाणापेक्षा जास्त किंमत आहे.

चुकीच्या शब्दाने काय होतं, याचं एक उदाहरण याच जगातलं आहे आणि ते प्रत्येक अभिप्राय देणाऱ्याने लक्षात ठेवावं असं आहे. १९७३ साली पॉला स्मिथ या चाहतीने ‘मेनॅजरी’ या ‘स्टार ट्रेक’ चाहत्यांच्याच नियतकालिकात एक छोटीशी विडंबनकथा लिहिली. तिची नायिका लेफ्टनंट मेरी सू. वय साडेपंधरा, ताफ्यातली सगळ्यांत तरुण अधिकारी, दिसायला देखणी, सगळ्या विद्या अवगत, सगळे तिच्यावर फिदा, आणि शेवटी तिच्या मृत्यूने सगळे शोकाकुल. तेव्हाच्या कितीतरी कथांत लेखिका स्वतःलाच अशी घालत असे, त्यावर ते बोट होतं आणि ते रास्त होतं. पण नाव चिकटलं. पुढच्या काळात कथेत लेखिकेने स्वतः घडवलेली, जरा कर्तबगार बाई दिसली की ‘मेरी सू’ म्हणून ती निकालात निघू लागली. कमिल बेकन-स्मिथ या अभ्यासिकेने १९९२ च्या आपल्या पुस्तकात या शिक्क्याच्या भीतीची नोंद केली आहे. या धाकाने लेखिका स्त्रीपात्र घडवायलाच कचरत होत्या. ‘स्टार ट्रेक’मधल्या अंतराळयानाचा देखणा कप्तान प्रत्येक भागात जग वाचवत होता, प्रत्येक ग्रहावर कुणी ना कुणी त्याच्या प्रेमात पडत होतं, त्याला मात्र कुणी असं नाव ठेवलं नाही.

मराठीत आपल्याकडे ‘फिल्मी’, ‘मालिकाछाप’, ‘बाळबोध’ हे शब्द हेच काम करतात. ‘फारच फिल्मी झालंय गं’ असं म्हणणाऱ्याला आपण काहीतरी परखड सांगितलं असं वाटतं. ऐकणारीला मात्र त्यातून एकही ओळ बदलता येत नाही. संवाद फिल्मी आहेत? योगायोग? पाऊस नेमका त्याच वेळी आला म्हणून? ती घरी जाऊन सगळंच पुसते किंवा काहीच बदलत नाही, आणि पुढच्या वेळी तुम्हाला वाचायला देत नाही. शिक्का मारायला वाचावं लागत नाही. दोष कुठल्या ओळीत आहे ते सांगायला मात्र दोनदा वाचावं लागतं, आणि तेवढे कष्ट घ्यायचे नसतील तर मत न दिलेलं बरं.

आता यावर एक आक्षेप आहे आणि तो मला अर्धा मान्य आहे. फॅनफिक्शन लिहिणारे अनेकजण म्हणतात की आम्ही हे आनंदासाठी लिहितो, फुकट वाटतो, आवडलं नाही तर वाचू नका, पण न मागता चुका काढू नका. इंग्रजीतल्या चाहत्यांमध्ये हा संकेत आता बराच रुजला आहे. ज्यांना टीका हवी असते त्या लेखिका तसं कथेच्या टिपेत लिहून ठेवतात. ‘आर्काइव्ह’वर तारे देण्याची सोय नाही. दाद द्यायची तर एका कथेला एकदा ‘कुडोज’, म्हणजे शाबासकी, द्यायची, आणि त्याला उलटं असं काही नाही. मला हे शहाणपणाचं वाटतं. सगळ्यांसमोर, न विचारता, नवशिक्या मुलीच्या तिसऱ्याच कथेखाली दोषांची यादी लावणं यात कसलंही साहित्यप्रेम नाही.

पण यातून काही जण पुढची उडी मारतात, की हौसेच्या लिखाणाची चिकित्साच करू नये. हे मला साफ अमान्य आहे. गावोगावच्या भजनी मंडळांत गाणारे सगळे हौशीच असतात. तिथेही पेटीवर बसलेला माणूस ‘अंतऱ्यात सूर उतरतोय’ असं सांगतोच, आणि गाणाऱ्याला त्यात अपमान वाटत नाही, कारण तोही त्याच मंडळातला असतो आणि पुढच्या एकादशीला दोघांना एकत्रच गायचं असतं. हौस म्हणजे बेफिकिरी नव्हे. उलट पैसा नाही, नाव नाही, तरी जी बाई पहाटेपर्यंत जागून एक परिच्छेद चार वेळा लिहिते, तिला त्या परिच्छेदाची फिकीर पगारी पटकथालेखकापेक्षा जास्त असू शकते.

तेव्हा आधी विचारावं. ‘तुला काय हवंय, नुसती वाचक की सूचना?’ हा प्रश्न एका ओळीचा आहे. सूचना हव्या असतील तर त्या कथा सर्वांसमोर जाण्याआधी, दोघींतच द्याव्यात. चाहत्यांच्या जगात अशा पहिल्या वाचकाला बीटा रीडर म्हणतात. क्रमशः लिहिल्या जाणाऱ्या कथेत याला फार महत्त्व आहे. भाग एकदा वाचकांपर्यंत गेला की त्यावर पुढचे भाग उभे राहतात. नवव्या भागानंतर दुसऱ्या भागातली चूक सांगितली तर लेखिकेला फक्त हळहळता येतं.

आणि सांगायचं काय? प्रेमकथेत माझ्या मते सगळ्यांत आधी एकच गोष्ट पाहावी: हे दोघं एकमेकांना का निवडतात, हे याच कथेत दिसतं का? फॅनफिक्शनची मोठी सोय आणि मोठा सापळा एकच आहे. वाचक त्या जोडीवर आधीच जीव टाकून बसलेला असतो. चारशे भाग पाहिलेल्या वाचकाला नायकाने नुसतं दार उघडलं तरी भरून येतं. लेखिकेला वाटतं आपला प्रसंग जमला. खरं तर ती मालिकेने साठवलेली पुंजी खर्च करत असते, स्वतःची भर घालत नसते. हे तिला जिव्हाळ्याने सांगू शकणारं माणूस म्हणजे तिच्या बाजूचा पहिला वाचक.

समजा एक कथा अशी आहे. मालिकेत नायिकेवर सासरच्या दागिन्यांच्या चोरीचा आळ आला, नायक गप्प बसला, ती घर सोडून गेली. फॅनफिकमध्ये तीन वर्षांनी दोघं कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर समोरासमोर येतात आणि अर्ध्या पानात ती त्याच्या मिठीत असते. यावर ‘फिल्मी’ म्हणणं सोपं. त्याऐवजी असं लिहिता येईल: ‘पहिल्या भागात तू तिला दुकान चालवताना दाखवलंस, तो भाग मला फार आवडला. तिथे ती घाऊक व्यापाऱ्याच्या तोंडी शब्दावर दहा रुपयांचा माल घेत नाही, सगळं लिहून मागते. तीच बाई इथे त्याच्या एका “सॉरी”वर विरघळते. तो तेव्हा गप्प का बसला, हे तिला विचारावंसं वाटत नसेल का? मी त्या प्रश्नाची वाट पाहत होते.’ या अभिप्रायात कौतुक आहे ते साखर म्हणून पेरलेलं नाही, तोच पुरावा आहे. लेखिकेनेच घडवलेली बाई तिला आठवण करून दिली आहे. तोडगा सुचवलेला नाही. ती प्रश्न विचारायला लावेल, किंवा मिठी पुढच्या भागात ढकलेल, किंवा नायिका त्या तीन वर्षांत माफ करूनच बसली होती असं आधी पेरेल. ते तिचं काम.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक जागा मी नेहमी पाहते, ती म्हणजे दोघं एकमेकांना काय म्हणतात. घरच्यांनी जमवलेल्या लग्नाच्या गोष्टीत ती त्याला ‘अहो’ म्हणते. फॅनफिकमध्ये बऱ्याचदा दुसऱ्याच पानावर तो ‘तू’ झालेला असतो, तिसऱ्यावर पुन्हा ‘अहो’, आणि भांडणात दोन्ही. पहिल्यांदा एकांतात तिच्या तोंडून ‘तू’ निघतो, तो दचकतो, तिलाही ते बोलल्यावर कळतं, हा केवढा प्रसंग आहे! लेखिकेच्या हातात तो असतो आणि तिच्या नजरेतून निसटलेला असतो. व्याकरण तपासणारा याला विसंगती म्हणेल. चांगला वाचक म्हणेल, हा बदल नेमका कधी होतो ते तू ठरवलंयस का?

सर्वांत जास्त वाद होतो तो ‘पात्र मूळचं राहिलं नाही’ या मुद्द्यावर, आणि इथे चाहते एकमेकांशी फार कठोर वागतात. मला या ठिकाणी कालिदासाची आठवण होते. महाभारताच्या आदिपर्वातली शकुंतला गांधर्वविवाहाआधी राजाला अट घालते, माझा मुलगा गादीवर बसेल. पुढे ती मुलाला घेऊन दरबारात येते तेव्हा दुष्यंताला सगळं आठवत असतं, तरी तो ओळख नाकारतो. ती भर सभेत त्याला खडे बोल सुनावते. कालिदासाने या गोष्टीत दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणली. त्यामुळे राजाचं विस्मरण खरं झालं, त्याच्यावरचा खोटेपणाचा डाग पुसला गेला, आणि विरहानंतरच्या भेटीला एक कोवळीक आली. मात्र अट घालणारी, एकटीने वाद लढणारी ती जुनी शकुंतला बरीच मऊ झाली. आज कुणी चाहता याला ‘मूळ पात्राशी बेइमानी’ म्हणेल. तेवढं म्हणून थांबणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही. बदलाने गोष्टीला काय मिळालं आणि त्यासाठी काय सोडावं लागलं, असं विचारलं तरच बोलणं पुढे जातं. मैत्रिणीने तिच्या कथेत रागीट नायकाला शांत केलं असेल, तर हाच प्रश्न तिला विचारावा. कदाचित त्याच्या रागाबरोबर कथेतला ताणही गेला असेल. कदाचित मालिकेत कधीच न दिसलेला एक माणूस पहिल्यांदा बोलू लागला असेल.

आपली आवडती जोडी वेगळी आहे म्हणून समोरच्या जोडीत खोट काढणं हा तर अभिप्रायच नव्हे. शृंगाराचे प्रसंग वाचताना आपल्याला अवघडायला झालं, तर ते आपलं अवघडणं आहे. तसं मोकळेपणाने सांगून तो भाग दुसऱ्या कुणाला वाचायला द्यायला सांगावा.

मग सगळं सौम्यपणेच बोलायचं का? नाही. काही ठिकाणी मी अजिबात सौम्य राहत नाही. नायक तिच्या नकारानंतरही कॉलेजच्या फाटकाशी रोज उभा राहतो, तिचा फोन तपासतो, मनगट धरून ओढतो, आणि कथा या सगळ्याला उत्कट प्रेम म्हणते, तेव्हा गप्प बसू नये. २०१३ च्या दुरुस्तीने पाठलाग हा आपल्या कायद्यात स्वतंत्र गुन्हा झाला, आता तो भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात आहे. कथेत गुन्हे असू नयेत असं माझं म्हणणं नाही. कथेत काहीही असावं. पण नायिकेला भीती वाटते की नाही, हे लेखिकेने पाहिलंय का, एवढं विचारायलाच हवं. पुष्कळदा तिने ते सिनेमातून जसंच्या तसं उचललेलं असतं, आणि विचारल्यावर तिलाच तो माणूस आवडेनासा होतो. पात्रं अठरा वर्षांखालची असतील आणि प्रसंग शारीरिक असेल, तर ‘हे लिहू नकोस’ असंच सांगावं, आढेवेढे न घेता. खऱ्या नटनट्यांवर, क्रिकेटपटूंवर लिहिलेल्या प्रेमकथांबाबतही मी हात आखडता घेते. पडद्यावरच्या पात्राला घर नसतं. नटाला असतं, आणि कथेत खलनायिका केलेली त्याची बायको ती कथा कधीतरी वाचू शकते. कथा कितीही रेखीव असली तरी हे लेखिकेच्या कानावर घातलं पाहिजे.

मराठीत असं वाचण्याची परंपरा नव्हती असं नाही. ‘सत्यकथा’ हे साहित्यिक मासिक १९८२ साली बंद पडलं, तोवर श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या त्याच्या संपादकांच्या टेबलावर आलेल्या कथेचं कसून वाचन होत असे आणि लेखकाला सविस्तर पत्र जात असे. कितीतरी नवे लेखक त्या पत्रांवर वाढले. पुढे त्यांच्या अभिरुचीच्या चौकटीविरुद्ध तरुण लेखकांनी बंडही केलं, आणि त्या बंडालाही कारणं होती. संपादकाच्या हातात छापणं-न छापणं असतं, त्यामुळे त्याच्या सूचनेला हुकमाचं वजन येतं. फॅनफिक्शनच्या पहिल्या वाचकाकडे ती सत्ता नाही, आणि म्हणूनच त्याला तितकंच बारकाईने पण जास्त मोकळेपणाने बोलता येतं. आज ज्या मुली लिहितायत त्यांच्यापर्यंत तसं पत्र पोहोचत नाही. त्यांच्या वाट्याला तारे येतात. प्रतिलिपीसारख्या कथा लिहिण्या-वाचण्याच्या ऑनलाइन मंचावर, जो २०१४ पासून भारतीय भाषांत आहे, वाचक पाचपैकी तारे देऊन पुढे जातो. तीन तारे म्हणजे काय समजायचं? भाषा अडली, नायक आवडला नाही, की भाग छोटा वाटला? हिंदीतल्या, मराठीतल्या लेखिकांनी कथेच्या सुरुवातीलाच ‘मला संवादांबद्दल सांगा’, ‘शेवट पटला का ते कळवा’ असं लिहायला सुरुवात केली, तर वाचकालाही बोलायला जागा मिळेल.

एवढं सगळं करूनही लेखिका ऐकेलच असं नाही. एसटी स्टँडवरची मिठी ती तशीच ठेवेल, कारण तिला त्या रात्री तीच लिहायची होती, आणि तिच्या वाचकांनाही कदाचित तीच हवी असेल. अशा वेळी रुसू नये, तोच मुद्दा पुन्हा पुन्हा उगाळू नये, आणि इतरांपाशी ‘मी सांगितलं होतं’ असंही म्हणू नये. कथेवर नाव तिचं आहे. तिचा आठवा भाग आला की तो नव्याने वाचावा, आणि या वेळी तिला कुठे अडलंय ते आधी तिलाच विचारावं.